रोख पैशाला ओटीपी नसतो

आमच्या घरात रात्रीच्या जेवणानंतर वाचन होतं. लोकांकडे पोथी वगैरे असते. आमच्याकडे दिनानाथकाका बँकेचे मेसेज वाचतात.

काका म्हणजे माझ्या मंगलामावशीचे यजमान. वीज मंडळाच्या हिशेब विभागातून रिटायर झालेले. मी नोकरीसाठी खंडव्याहून इंदूरला आलो तेव्हापासून सुदामा नगरात त्यांच्याच वरच्या खोलीत राहतो, त्यामुळे श्रोत्यांमध्ये मीही असतो. दाराजवळच्या फळीवर एक स्टीलची परात आहे. घरात शिरलं की चप्पल खाली, फोन परातीत. खरं तर काकांना आमचे फोन लागतच नाहीत, कारण आमचे मेसेज त्यांच्याच फोनवर येतात. परात आपली शिस्त म्हणून.

हे कसं झालं तेही सांगतो. नोटबंदीच्या वर्षी सगळं शहर रांगेत उभं असताना काकांनी एका रविवारी सगळ्या नातेवाइकांना ओसरीत बसवलं, आणि खाती, पॅन, आधार, सगळं एकमेकांना जोडून टाकलं. मोबाइल नंबर मात्र सगळीकडे एकच दिला. स्वतःचा. "एक नंबर, नो कन्फ्यूजन," ते म्हणाले. लोकांना इतकं बरं वाटलं की कुणीतरी काकांना शाल दिली. मी तेव्हा शाळेत होतो. माझंही खातं त्यात होतं, आणि आज माझा पगार त्याच खात्यात पडतो.

"शिकंजी, एकशे वीस," काका वाचतात. "हृषी, एक शिकंजी एवढ्याला नसते. दोन होत्या."

"हो काका. दोन प्यायलो."

"दोन्ही तूच?"

"तहान होती."

काका मान डोलावतात आणि पुढचा मेसेज घेतात. ते कधी रागावत नाहीत. आवाज चढवत नाहीत. फक्त विचारतात, आणि उत्तर मिळेपर्यंत चष्म्याच्या वरून बघत राहतात. एकदा फुलवाल्याचे चाळीस रुपये निघाले होते.

"मंगला, गजरे दोन?"

"एक देवाला."

"देव गजरा कधीपासून माळायला लागला?"

एवढंच. मावशीने पुन्हा फुलं घेतली नाहीत.

मावशी पुरणपोळ्या, उकडीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ करून देते. कृष्णपुऱ्यापासून तुकोगंजपर्यंत तिची गिऱ्हाइकं आहेत, आणि सगळी रोख देतात. कुणी फोन काढला की ती म्हणते, "माझ्याकडे तो चौकोन नाही हो." काकांनी एकदा विचारलं होतं, या पैशांचं काय होतं. ती म्हणाली, डाळ-गुळातच जातात. काकांना ते पटलं, कारण डाळीचे भाव ते स्वतःच वाचतात. खरे पैसे माळ्यावरच्या जुन्या कुकरमध्ये जात होते. त्याची शिट्टी हरवली होती, म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं. दोन हजारच्या नोटा तिने कधी ठेवल्याच नाहीत. "ती गुलाबी नोट मला पहिल्या दिवसापासून पाहुणी वाटली," ती म्हणायची. रिझर्व्ह बँकेच्या आधी तिला कळलं होतं.

हे कुकरचं मला माहीत नव्हतं. ते कळलं ती दुपारी माझ्या ऑफिसात आली तेव्हा.

मी तुकोगंजमध्ये एका सीएंकडे काम करतो. मी सीए नाही. इन्कम टॅक्सच्या नोटिशींना लोकांच्या वतीने नम्र उत्तरं टाइप करतो, त्यात 'महोदय' हा शब्द मी सर्वांत जास्त वापरतो. मावशी साबुदाण्याची खिचडी घेऊन आली, डबा टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला.

"हृषी, कुणाला दोन लाख ऐंशी हजार रोख द्यायचे असले तर?"

"किडनी घेतेस की विकतेस?"

"खोली घेतेय."

मला हसायचं होतं, पण तिचा चेहरा तसा नव्हता. महूला 'निवांत' नावाचं ज्येष्ठांचं निवास आहे. एकदाच प्रवेश फी भरायची, मग महिन्याचा जेवणाखाण्याचा खर्च. एकटीची खोली. आतून कडी.

"आणि काका?"

"त्यांचं काय. त्यांना मेसेज आहेत."

"भांडण झालं का?"

"भांडण झालं असतं तर मी राहिले असते," मावशी म्हणाली. मग खिचडीच्या डब्याचं झाकण उघडबंद करत तिने सांगितलं. मागच्या महिन्यात ती इथेच तुकोगंजमध्ये डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. पैसे बाहेर काउंटरवर आधी भरावे लागले, तेही कार्डानेच. आत तपासणीच्या टेबलावरून ती अजून उतरलीही नव्हती, तोच काकांचा फोन. काय सांगितलं डॉक्टरने? कुठल्या भागाच्या डॉक्टर आहेत त्या? मला आधी का नाही बोललीस?

"मला एक खर्च असा करायचाय," ती म्हणाली, "जो कुणी वाचणार नाही. बस. एकच."

मी तिला कायदा सांगितला. एका माणसाकडून, एका कामासाठी, दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही. घेतले तर जेवढे घेतले तेवढाच दंड, घेणाऱ्याला. मोठी रोकड म्हणजे काळी, असं सरकारला वाटतं.

"माझी काळी नाही. पुरणाची आहे. फार तर पिवळी असेल."

"मग बँकेत टाक आणि तिथून पाठव."

"आणि रात्री वरणभातानंतर ऐकू?"

"माझ्या खात्यातून..." मी म्हणालो आणि थांबलो. माझे मेसेज कुणाकडे जातात ते आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवलं. नंबर बदलायला गेलो तर 'नंबर बदलला' हा निरोपसुद्धा जुन्या नंबरवर जातो. बँका फार काळजी घेतात.

"सरकारला कळू दे रे," मावशी म्हणाली. "मी स्वतः जाऊन सांगते, चहा पाजून सांगते. सरकारचं काही नाही. ह्यांना कळायला नको."

ज्या कायद्याची मी रोज उत्तरं टाइप करतो, त्यात लपवणारा माणूस नेहमी सरकारपासून लपवतो. घरात दुसरं सरकार असेल तर काय, हे कुठल्या कलमात मी वाचलेलं नाही.

"एक कर," मी म्हणालो. "दोन लाखांच्या आत बसव. मग रोख देणं पूर्ण कायदेशीर. आणि रोख पैशाला ओटीपी नसतो."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा म्हटलं.

महूला जायच्या दिवशी मी साहेबांना सांगितलं मावशी आजारी आहे, आणि काकांना सांगितलं साहेब आजारी आहेत. मावशी भजनाला निघाली. भजनाला ती फोन नेत नाही, त्यामुळे फोन परातीत राहिला. महूच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. पिशवी पोटाशी धरली होती. उतरताना म्हणाली, "अपन कुठे आहोत हे आत्ता कुणालाच माहीत नाही." तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. शाळा बुडवलेल्या मुलीसारखा.

'निवांत'चे मॅनेजर रत्नपाल. आजोबा-पणजोबा महूच्या पलटणीत होते, त्यामुळे निवासातही फौजेची शिस्त. चहा हजेरी घेऊन मिळतो. नाव पुकारलं, 'हजर' म्हटलं, की कप. माणूस मात्र गोड.

"मॅडम, सिंगल रूम दोन लाख ऐंशी. पण एवढे रोख मी नाही घेऊ शकत," ते म्हणाले. "तुकड्या-तुकड्यात पण नाही. आदमी एक, काम एक. जेवढे घेईन तेवढा दंड भरावा लागेल. क्या है ना, मग मला इथेच बेड घ्यावा लागेल."

"दुसरं काही?"

"डबल रूममध्ये एक बेड घ्या. एक लाख चाळीस. रोख बिलकुल चालतं, पक्की पावती देतो."

"दुसऱ्या बेडवर कोण?"

"अभी तो खाली आहे."

"घोरणारी चालेल," मावशी म्हणाली. "वाचणारी नको."

रत्नपालांना वाटलं ती पुस्तकांबद्दल बोलतेय. ते म्हणाले, लायब्ररी वेगळी आहे, रूममध्ये त्रास नाही होणार.

पैसे दिले. पावती आली. मावशीने ती दुमडून ब्लाउजमध्ये ठेवली आणि खुर्चीला पाठ टेकवली. तिला खुर्चीला पाठ टेकवताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बस, एक छोटंसं राहिलं," रत्नपाल म्हणाले. "राहणाऱ्याची ओळख पटवावी लागते. आधार नंबर बोला मॅडम."

मावशीने पाठ असलेला नंबर म्हणून दाखवला. रत्नपालांनी टाइप केला, एन्टर दाबलं, आणि आमच्याकडे बघून हसले.

"ओटीपी आला असेल. सांगा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी पावती छापणाऱ्या मशीनकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी कुणाला तरी 'हजर' म्हणत होतं.

माझा फोन वाजला. काका.

"हृषी, जेवलास?"

"हो काका."

"बरं. मंगला तिथेच आहे ना? तिच्या आधारचा ओटीपी आलाय, 'निवांत'साठी. तिला लागत असेल."

बोलण्यासारखं जे होतं ते सगळं त्यांनी बोलून टाकलं होतं. मावशीने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने तो कानाला न लावता टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला, जसं काही आता लपवायचं काय उरलं.

"सांगा," ती म्हणाली.

"सात," काका म्हणाले. रात्रीचा तोच आवाज. "चार. चार. शून्य. नऊ. दोन. परत वाचू?"

"नको."

"दहा मिनिटंच चालतो, घाई करायला सांग त्यांना. तू मात्र सावकाश ये. बसला गर्दी असते."

स्क्रीनवर हिरवी खूण आली, आणि तिच्याशेजारी मावशीचा आधारवरचा फोटो, ज्यात ती आपल्याला कुणी पकडल्यासारखी दिसते. "नेटवर्क आज अच्छा है," रत्नपाल म्हणाले.

पैशाला ओटीपी लागला नाही. मावशीला लागला.

त्या रात्री मी भाताचे गोळे गिळत वाचनाची वाट बघत बसलो. काकांनी चष्मा लावला. दूध. गॅस. माझं पेट्रोल. पेट्रोलचा दर बरोबर आहे की नाही ते त्यांनी ताडून पाहिलं. मग फोन उलटा ठेवला.

"आज एवढंच," ते म्हणाले.

त्यांनी एखादा मेसेज गाळला असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मावशीने त्यांना न मागता आणखी वरण वाढलं. त्यांनी खाल्लं.

पुढचे दिवस काका फार चांगले वागले, आणि त्यामुळे मला झोप येईना. त्यांनी मावशीला गजरा आणून दिला. एका सकाळी खाली आलो तर ते ओसरीत मावशीची जुनी बॅग मांडीवर घेऊन तिच्या चेनवर मेणबत्ती घासत होते.

"अडकते ही," ते म्हणाले. "ऐनवेळी प्रॉब्लेम नको."

मावशीने त्यांना अजून काहीही सांगितलं नव्हतं. त्यांनी काहीही विचारलं नव्हतं. चेन मात्र आता एका बोटाने सरकत होती.

"आपण नको जाऊया," मी मावशीला स्वयंपाकघरात म्हणालो.

"पावती माझी आहे," ती म्हणाली. "बेड माझा आहे. कडी आतून आहे. ह्यांना कळलं, बरं, कळलं. आता तिकडे काय वाचतील?"

एक तारखेला, मावशीच्या जायच्या दिवशी, सकाळी उठलो तर काका घरात नव्हते. लवकरच कुठेतरी गेले होते. फळीवर परातही नव्हती, आणि तिच्यासोबत मावशीचा फोनही. "बरं झालं," मावशी म्हणाली, "तो तसाही न्यायचा नव्हता." तिने कुकर उतरवला, उरलेली रोकड प्लास्टिकच्या पिशवीत बांधली, स्टीलच्या मोठ्या डब्यात तळाशी बसवली आणि वरून चिवडा ओतला. तेच तिचे महिन्याच्या खर्चाचे पैसे होते. डबा माझ्या हातात दिला.

"वर चिवडा आहे," ती म्हणाली. "खालचं तू पाहिलं नाहीस."

"कशाच्या खालचं?" मी म्हणालो. ती हसली. त्या दिवशीचं तेवढंच.

रत्नपाल फाटकाशीच भेटले. खूप खूश होते.

"मॅडम, तुम्ही सांगितलंच नाही साहेब पण येणार. त्या दिवशी संध्याकाळीच त्यांचा फोन आला. पूरा पेमेंट बँकेतून, एकदम क्लीन. मिया-बीवी म्हटल्यावर मी तीच रूम दिली. सकाळपासून आलेत. असे लोक कमी राहिले."

मावशी थोडा वेळ त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहिली.

"मला सिंगल द्या," ती म्हणाली.

"सिंगल? सिंगल आहे. अजून एक चाळीस भरावे लागतील."

मावशीने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. रत्नपालांना ते दिसलं. असल्या डब्यांची त्यांना सवय असावी.

"रोख नाही चालणार, मॅडम," त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचे एक चाळीस रोख झालेत. वर अजून एक चाळीस म्हणजे दोन लाखांच्या पार. चेक द्या, ट्रान्सफर करा, आत्ता चावी देतो."

"मी माझ्या नावाने रोख भरले तर?" मी म्हणालो.

"भिया, राहणार तर मॅडमच ना. काम तेच. आमचे सीए मला कच्चा खातील."

बरोबर होतं. असंच उत्तर मी स्वतः 'महोदय' लावून कितीतरी लोकांना टाइप करून दिलं होतं. आणि चेकबुक कुणाकडे होतं, ट्रान्सफरचा ओटीपी कुणाकडे जाणार होता, ते विचारायची गरज नव्हती.

"दुसऱ्या डबल रूममध्ये? कुणाही बाईबरोबर?"

"सगळे बेड भरलेत," रत्नपाल म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "आणि साहेबांनी इतक्या प्रेमाने ही मागितली होती."

खोली छान होती. उजेड होता. दाराकडच्या बेडवर काका बसले होते, पायजम्यात, जणू काही वर्षांपासून तिथेच राहतात. दोन बेडच्या मधल्या स्टुलावर परात होती. परातीत मावशीचा फोन चार्जिंगला लावलेला.

"ये, मंगला," काका म्हणाले. "खिडकीकडचा तुला ठेवलाय."

मावशी दाराच्या आत येऊन उभी राहिली. बॅग खांद्याला तशीच. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, घराचं काय.

"भाड्याने दिलं. वरच्या खोलीसकट. आजपासून. तुझं सामान ओसरीत ठेवायला सांगितलंय त्यांना." मग म्हणाले, "तुला मेसेज केला असता. पण तुझे मेसेज मलाच येतात."

मी मान डोलावली. यात चूक काही नव्हती.

काका उठले, माझ्या मागे गेले, दार लोटलं आणि आतून कडी घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. "चांगली आहे," म्हणाले. परत येऊन बसले.

"हातात काय आहे, हृषी?"

"चिवडा."

"आण. चहा येतोच आहे."

मी मावशीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी ते पाहिलं असतं. डबा त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी झाकण काढलं, खिशातून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला आणि खायला लागले. सावकाश. प्रत्येक घास पूर्ण चावून.

"शेंगदाणे जास्त पडलेत," ते म्हणाले. "पण छान झालाय."

"तेलकट आहे काका. खोकला होईल."

"आज होऊ दे."

मावशीचं लक्ष चमच्याकडे होतं. चिवडा खाली खाली जात होता. काकांनी मध्येच डबा हलवून सारखा केला, जसा आपण धान्याचा डबा करतो, आणि पुन्हा चमचा घातला. या वेळी तळातून प्लास्टिक चुरचुरल्याचा आवाज आला.

काका थांबले. तोंडातला घास संपवला. चमचा पुसून रुमालात गुंडाळला, रुमाल खिशात ठेवला. डब्याचं झाकण दाबून लावलं आणि डबा उचलून परातीत ठेवला, मावशीच्या फोनशेजारी.

"पुरे आता," ते म्हणाले. "बाकीचं जेवणानंतर."

खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. मावशीने बॅग खांद्यावरून काढली नाही. ती खिडकीकडच्या बेडजवळ गेली, पण बसली नाही.

दारावर टकटक झाली. बाहेर चहाची ट्रॉली थांबली होती, आणि रत्नपाल नावं पुकारत होते.

"मंगला मॅडम?"

मावशीने तोंड उघडलं.

"हजर आहे," काका म्हणाले.